गच्चीवर अनुदान, गच्चीखाली उकाडा : इंदुरातील घरे आणि सरकारी धोरण

सुदामानगरी (धागाकर्ता)

इंदूरच्या सुदामा नगरात आमचे वीस बाय पन्नास फुटांचे घर आहे. तळमजला वडिलांनी १९८६ साली बांधला आणि वरचा मजला मी २००९ साली चढवला. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या असल्याने हवेला आणि उजेडाला पुढून आणि मागूनच काय तो शिरकाव आहे. गेल्या वर्षी मी पंतप्रधान सूर्य घर योजनेतून तीन किलोवॉटची सौर यंत्रणा बसवली. केंद्र सरकारचे ७८,००० रुपयांचे अनुदान खात्यात जमा झाले, नेट मीटर (घेतलेल्या विजेतून परत दिलेली वीज वजा करणारा) लागला आणि वीजबिल इतके उतरले की आईने ते दोनदा चष्मा पुसून वाचले. त्या बाबतीत माझी काहीही तक्रार नाही.

मात्र मे महिन्यातील एका रात्री साडेअकरा वाजता मुलाच्या खोलीत स्टुलावर चढून मी स्लॅबला खालून तळहात लावला, तेव्हा ताप चढलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावावा तसे वाटले. लेझरच्या तापमापकाने पाहिले तर स्लॅबचा पृष्ठभाग ३९ अंशांवर होता आणि त्याच वेळी गच्चीवरची हवा २७ अंशांवर आलेली होती. माळव्याच्या गार रात्रीची कीर्ती आपण लहानपणापासून ऐकतो. ती रात्र आमच्या डोक्यावर सहा इंचांवर येऊन थांबली होती आणि खाली मुलगा एसी लावून झोपला होता. आणखी एक गोष्ट लक्षात आली. सौर पॅनेलच्या सावलीत येणारा स्लॅबचा कोपरा उरलेल्या छतापेक्षा तीन अंशांनी थंड होता. म्हणजे ज्या वस्तूसाठी अनुदान मिळाले, तिने विजेखेरीज सावलीही दिली, पण त्या सावलीचा उल्लेख मला योजनेच्या कागदांत कोठे आढळला नाही.

माझा मुद्दा इतकाच आहे की घरात वीज तयार करण्यासाठी सरकार मला पैसे देते, एसी किती तारांकित असावा हे ठरवते, २०२० पासून तो २४ अंशांवरच सुरू व्हावा असा नियमही करते. परंतु तो एसी ज्या छतामुळे लावावा लागतो, त्या छताबद्दल माझ्यासारख्या लहान भूखंडावरील घराला कोणी काही विचारत नाही. नकाशा मंजूर करताना पुढची मोकळी जागा, मजल्यांची संख्या आणि जिन्याची रुंदी पाहिली गेली. छत कशाचे आणि त्यातून किती उष्णता आत येणार हा प्रश्न आला नाही. या बाबतीत कायदा नेमका काय म्हणतो, हे जाणकारांनी सांगावे.

चौथी_वीट

मी वास्तुविशारद आहे, त्यामुळे कायद्याचा भाग आधी मांडतो.

निवासी इमारतींसाठी केंद्राने डिसेंबर २०१८ मध्ये 'इको-निवास संहिता' आणली. तिचा पहिला भाग इमारतीच्या बाह्य आवरणाविषयी, म्हणजे भिंती, खिडक्या आणि छत यांविषयी आहे. ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील प्रकल्पांसाठी लिहिलेली आहे, म्हणजे साधारण ५,४०० चौरस फूट. आपला भूखंड हजार चौरस फुटांचा आहे, त्यामुळे आपले घर दारातच वगळले गेले. पुढे ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन निवासी इमारतीही त्याच्या कक्षेत आल्या. ती १ जानेवारी २०२३ पासून लागू आहे, पण तिथेही उंबरठा १०० किलोवॉट जोडभाराचा किंवा १२० केव्हीए मागणीचा आहे. राज्याला तो खाली आणण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे. तरी तो कितीही खाली आणला, तरी पाच किलोवॉटच्या घरापर्यंत पोचेल असे मला वाटत नाही.

आता संहिता काय मागते ते पाहा, कारण ती लहान घरालाही उपयोगाची आहे. भिंती आणि खिडक्यांतून उन्हाळ्यात आत येणाऱ्या उष्णतेचा एक आकडा काढायचा आणि तो दर चौरस मीटरला १५ वॉटपेक्षा कमी ठेवायचा, हा तिचा गाभा आहे. इंदूर ज्या संमिश्र हवामान विभागात येते, त्यासाठीचे गुणक वापरून आणि दिशेचा गुणक सोयीसाठी एक धरून मी एका नेहमीच्या फ्लॅटचा हिशेब केला. नऊ इंची विटांची दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत, भिंतीच्या १५ टक्के भागात एकेरी काचेच्या खिडक्या आणि त्यांवर छज्जा नाही, असे धरले तर आकडा २० च्या आसपास येतो, म्हणजे इमारत नापास. त्याच खिडक्यांवर चांगला छज्जा दिला तर तो साडेसोळापर्यंत उतरतो, तरीही नापासच. विटांऐवजी आठ इंची एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) घेतले तर छज्जा नसतानाही १४ येतो. ब्लॉक आणि छज्जा दोन्ही असतील तर दहाच्या आसपास. इंदुरात आता बहुतेक नव्या इमारतींत एएसी ब्लॉकच दिसतात. मात्र ते संहितेमुळे आलेले नाहीत. भिंत हलकी होते, लोखंड वाचते आणि काम लवकर उरकते, म्हणून बिल्डरांनी ते स्वीकारले. बाजाराला जे परवडते तेच नियमाने मागितले की नियम आपोआप पाळला जातो.

छतासाठी संहितेत वेगळी मर्यादा आहे. त्यातून उष्णता वाहण्याचा दर आत-बाहेरच्या तापमानातील एका अंशाच्या फरकामागे चौरस मीटरला १.२ वॉटपेक्षा अधिक नसावा. उघड्या सहा इंची काँक्रीट स्लॅबचा दर त्याच्या जवळपास तिप्पट असतो. आपल्या ३९ अंशांचे उत्तर इथे आहे.

मीटरवाली

धागा आवडला, पण माझ्या मते मध्य प्रदेशात घराच्या ऊर्जेचे सर्वांत प्रभावी धोरण वीजदराच्या पत्रकात आहे, बांधकामाच्या संहितेत नाही. ज्या घराचा महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत आहे, त्याला पहिल्या १०० युनिटांसाठी १०० रुपये द्यावे लागतात. आमच्या गल्लीत ही दीडशेची रेघ लक्ष्मणरेषेसारखी पाळली जाते. महिनाअखेरीस शेजारच्या वहिनी मीटरपाशी उभ्या राहून आकडे वाचतात आणि १४० दिसले की इस्त्री पुढच्या आठवड्यावर जाते. काही घरांत वरच्या आणि खालच्या मजल्यासाठी दोन मीटर घेतले गेले, ते भाडेकरूसाठी असल्याचे कागदावर आहे.

सवलत असावी की नसावी हा वेगळा वाद आहे. मला दिसते ते असे की या घरांना सौर यंत्रणेत रस नाही, कारण त्यांची वीज आधीच जवळजवळ फुकट आहे. पण त्यांना थंड छतात नक्की रस असेल. डेझर्ट कूलर रात्रभर चालला तर दीड-दोन युनिटे लागतात आणि दीड टनाचा एसी तेवढ्याच वेळात आठ-नऊ युनिटे खातो. महिन्याभरात हा फरक २०० युनिटांचा होतो. छत थंड झाल्यामुळे कुटुंब कूलरवर टिकून राहिले, तर दीडशेची रेघही टिकते. म्हणजे ज्याला सर्वांत अधिक लाभ होईल त्याला छतासाठी काही मिळत नाही आणि ज्याला एसी परवडतो त्याला पॅनेलसाठी ७८,००० मिळतात. धागाकर्त्यांनी हे वैयक्तिक घेऊ नये.

सुदामानगरी

अजिबात घेत नाही, ते खरेच आहे. फक्त एक सांगतो. योजनेची एकंदर तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची आणि लक्ष्य एक कोटी घरांचे आहे. त्यात गृहनिर्माण संस्थांनाही सामाईक वापराच्या विजेसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात. इतकी मोठी यंत्रणा घरोघरी गच्चीवर चढून मोजमाप करणारच आहे, तर त्याच फेरीत छताचीही नोंद का होऊ नये, असे मला वाटते. आमच्या गच्चीवर आलेल्या दोन तरुणांनी सावली कोठे पडते हे फार काळजीपूर्वक पाहिले. स्लॅबला तडा आहे हे त्यांनाच प्रथम दिसले आणि 'काकाजी, हे आमचे काम नाही' असे म्हणून ते खाली उतरले.

नर्मदाजळ

सुदामानगरींच्या घरी गच्चीवर पाणी मारतात का? आमच्या पिढीचा उपाय तोच होता. संध्याकाळी पाइप लावून गच्ची भिजवायची आणि रात्री तिथेच गाद्या टाकायच्या. आता त्या पाण्याचा हिशेब ऐका. इंदूरला नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून साधारण ७० किलोमीटर अंतर कापून, विंध्याचा चढ चढवून येते. हा चढ ४०० मीटरचा धरला, तर हजार लिटर पाणी वर आणायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबाने एक युनिटाहून थोडी अधिक वीज लागते आणि पंपातली तूट धरली तर दीडच्या पुढे. म्हणजे रोज तीनशे लिटर गच्चीवर ओतले की जलूदला अर्ध्या युनिटाच्या आसपास वीज खर्च होते. ती आपल्या मीटरवर दिसत नाही एवढेच. याच कारणासाठी इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित रोखे काढून २४४ कोटी रुपये उभे केले आणि जलूदच्या पंपांसाठी ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पाचे काम हाती घेतले.

अर्थात एसीच्या एका तासापेक्षा ही अर्धी युनिट स्वस्तच आहे, हेही मान्य करतो. पण घराच्या ऊर्जेत पाण्याची वीज कोणी धरत नाही, म्हणून लिहिले. संहितेतही ती नाही.

सुदामानगरी

आई रोज पाणी मारते. हा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. तिने विचारले, 'मग तुझ्या एसीचे पाणी कोठे जाते, ते तरी कुंडीत घाल.' तेव्हापासून एसीच्या नळीखाली बादली आहे.

रामबागेतला

आमचे बालपण रामबागेतल्या वाड्यात गेले. दीड हात जाडीच्या भिंती, मधला चौक, वर माळवद. एप्रिलमध्ये दुपारी ओटीवर झोपले तर चादर लागत असे. इतका साधा उपाय असताना सरकारने जुन्याच पद्धतीला अनुदान द्यावे, एएसी आणि पॅनेल यांची गरज काय, असा माझा रोखठोक प्रश्न आहे.

चौथी_वीट

रामबागेतले काका, वाड्याची आठवण माझ्याही मनात आहे, पण हिशेबात एक गोष्ट राहते. वाड्याची जाड भिंत उष्णता अडवत नाही, ती दिवसभर साठवून ठेवते आणि रात्री सोडते. रात्री चौकातून थंड हवा खेळत असेल तर ही साठवण धुऊन निघते. माळव्यात दिवस आणि रात्र यांच्या तापमानात उन्हाळ्यात मोठी तफावत असते, म्हणून ही पद्धत इथे चालली. वीस फुटांच्या भूखंडावर दीड हाताच्या भिंती घातल्या तर खोली उरणार नाही आणि डासांमुळे व चोरांच्या भीतीने रात्री खिडक्याही उघड्या राहणार नाहीत. त्यामुळे आज साठवण उपयोगी पडेलच असे नाही. सुदामानगरींचा स्लॅब हा खरे तर वाड्याची भिंतच आहे, फक्त तिला धुणारी हवा नाही.

याच्या नेमके उलटे उदाहरण इंदुरातच आहे. केंद्राच्या 'लाइट हाउस' प्रकल्पांसाठी देशातली सहा शहरे निवडली गेली, त्यांपैकी इंदूर एक. १ जानेवारी २०२१ रोजी पायाभरणी झाली आणि इथे १,०२४ घरे पोलादी सांगाडा व कारखान्यात बनवलेले सँडविच पॅनेल वापरून उभारली गेली. दोन पातळ सिमेंटच्या पाट्यांमध्ये हलका उष्णतारोधक गाभा असतो, त्यामुळे भिंत बाहेरची उष्णता चांगली अडवते आणि बांधकामाला पाणी मारत बसावे लागत नाही. नर्मदाजळ यांना हा भाग आवडेल. पण अशी भिंत काहीच साठवत नाही, त्यामुळे स्वयंपाकाची आणि माणसांची उष्णता खिडकीवाटे बाहेर जाण्याची सोय असावीच लागते. म्हणूनच संहितेने संमिश्र हवामानासाठी उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान साडेबारा टक्के असावे असे म्हटले आहे. सरकत्या काचेची खिडकी निम्मीच उघडते, हे फ्लॅट घेताना कोणी मोजत नाही.

परदेशस्थ_इंदुरी

मी सध्या जर्मनीत राहतो. इथे घर विकताना किंवा भाड्याने देताना ऊर्जेचे प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि २०१४ पासून त्यातले मुख्य आकडे जाहिरातीतही छापावे लागतात. मी भाड्याचे घर शोधत होतो तेव्हा भाड्याच्या आकड्याशेजारी हे आकडेही वाचत होतो, कारण हिवाळ्यातले गरम करण्याचे बिल माझ्याच खिशातून जाणार होते. भारतातही बीईईने, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने, घरांसाठी तारांकनाची योजना २०१९ मध्ये सुरू केली, पण ती ऐच्छिक आहे. फ्रिजवरचे तारे आपण दुकानात वाकून पाहतो. पन्नास लाखांच्या फ्लॅटवर तारे नसले तरी आपल्याला काही वाटत नाही. हे बंधनकारक झाले तर लहान भूखंडाचा प्रश्न कदाचित सुटणार नाही, पण भाडेकरूला निदान कळेल की वरच्या मजल्याचे भाडे कमी का आहे.

मीटरवाली

वरच्या मजल्याचे भाडे कमी का, हे इंदूरच्या भाडेकरूला प्रमाणपत्राशिवाय कळते. त्याच्याकडे पर्याय नसतो, अडचण तिथे आहे. शिवाय इथे छतावर खर्च मालकाने करायचा आणि बिल भाडेकरूने भरायचे. मालक कशासाठी हात घालील?

अरण्यातून

सर्व चर्चा घर बांधल्यानंतरची किंवा बांधतानाची आहे. त्याच्याही आधीचा टप्पा लेआउटचा असतो आणि तिथे सरकारचा हात सर्वांत मोठा असतो. इंदूरमध्येच याचे जगप्रसिद्ध उदाहरण आहे, ते म्हणजे 'अरण्य' वसाहत. इंदूर विकास प्राधिकरणासाठी बाळकृष्ण दोशी यांनी ती आखली आणि १९९५ साली तिला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. सुमारे साडेसहा हजार भूखंड, त्यांत सर्वांत गरीब कुटुंबांसाठी ३५ चौरस मीटरचे. कुटुंबाला जोते, नळ, शौचालय आणि एखादी खोली मिळायची, बाकीचे घर त्याने आपल्या ऐपतीने वाढवायचे. घरांच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण दिशांकडे ठेवल्या, म्हणजे पूर्व-पश्चिमेचे तिरपे ऊन भिंतींवर कमी पडते. गल्ल्या अरुंद ठेवल्या, म्हणजे एका घराची सावली दुसऱ्यावर पडते. हे करायला एकही जास्तीची वीट लागली नाही. नकाशावर रेघ कोणत्या दिशेने मारायची एवढाच प्रश्न होता.

आज शहराच्या कडेला कॉलन्या कापल्या जातात तेव्हा रस्ता मुख्य सडकेपासून काटकोनात आत जातो आणि भूखंड जिकडे वळतील तिकडे तोंड करतात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भूखंडाचा मालक जन्मभर त्या रेघेचे वीजबिल भरतो. लेआउट मंजूर करणाऱ्या खात्याच्या तपासणी यादीत दिशेचे एक कलम घातले, तर लहान भूखंडांनाही लाभ होईल, कारण त्यात ५०० चौरस मीटरची अट येत नाही.

चौथी_वीट

हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. त्यातून सुदामानगरींच्या मूळ प्रश्नाकडेही परत येता येते. ओळीतल्या घराच्या दोन मोठ्या भिंती शेजाऱ्यांनी झाकलेल्या असतात, त्यामुळे भिंतींचा १५ वॉटचा निकष तिथे फारसा बोलत नाही. अशा घराचा उन्हाला भिडणारा सर्वांत मोठा पृष्ठभाग म्हणजे छत. संहिता लिहिताना डोळ्यांसमोर बहुमजली इमारत होती, ज्यात छत फक्त सर्वांत वरच्या मजल्याला असते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात मात्र स्वतःच्या भूखंडावर स्वतः बांधलेल्या घरांचा वाटा फार मोठा आहे. तिथे केंद्र दीड लाख रुपये हप्त्याहप्त्याने देते, आणि काम कोठवर आले याचे फोटो पाहून पुढचा हप्ता सुटतो. त्या फोटोंत जोते, लिंटल आणि छत हे टप्पे असतात. छताच्या हप्त्याला चायना मोझॅकची (पांढऱ्या फुटक्या टाइल्सच्या थराची) किंवा विटांच्या कोब्याखाली दोन इंची उष्णतारोधक थराची अट जोडली आणि तेवढी रक्कम वाढवून दिली, तर नवे खाते, नवा निरीक्षक, नवे पोर्टल यांपैकी काहीच उभारावे लागणार नाही.

नर्मदाजळ

फोटोवर भिस्त ठेवू नका. मध्य प्रदेशात १४० चौरस मीटरच्या वरच्या भूखंडावर पावसाचे पाणी जिरवण्याची व्यवस्था बंधनकारक आहे आणि नकाशा मंजूर करताना त्यासाठी अनामत रक्कम ठेवावी लागते. काम केले की ती परत मिळते. मी एका कॉलनीत, नाव घेत नाही, असा खड्डा पाहिला की ज्यात गच्चीचा पाइप आणून सोडलेला होता, पण खड्ड्यात गिट्टीऐवजी बांधकामाचा उरलेला राडारोडा होता. फोटो निघाला, अनामत परत गेली, पाणी अंगणातून रस्त्यावर गेले. छताच्या बाबतीत एक सोय अशी आहे की ते मोजता येते. सुदामानगरींनी लेझरचा तापमापक वापरला, तो आता हजार-बाराशे रुपयांत मिळतो. मे महिन्यात रात्री स्लॅबला खालून एकदा तो दाखवला की फोटो खोटा आहे की खरा, हे कळते.

सुदामानगरी

सर्वांचे आभार. मी छताच्या कामाच्या खर्चाचे अंदाज मागवले. एका ठेकेदाराने पांढरा रंग मारून 'गॅरंटी' दिली, पण धूळ बसल्यावर काय, याचे उत्तर दिले नाही. दुसऱ्या मिस्त्रीने आधी तडा भरायचा, मग दोन इंची थर, त्यावर कोबा आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे चायना मोझॅक असा अंदाज दिला. पॅनेलचे पाय जिथे स्लॅबमध्ये रोवलेले आहेत, तिथे थर कापून बसवावा लागेल आणि म्हणून मजुरी अधिक पडेल, असे तो म्हणाला. पॅनेल बसवण्याआधी हे केले असते तर तीस टक्के कमी लागले असते, हेही त्याने ऐकवले. अनुदानाच्या अर्जात आधी छत आणि मग पॅनेल असा क्रम असता, तर मला ही मजुरी द्यावी लागली नसती.

काम दिवाळीनंतर सुरू करणार आहे. पुढच्या मे महिन्यात स्लॅबचे तापमान त्याच स्टुलावर चढून, त्याच वेळी मोजेन आणि आकडा इथेच टाकेन.